विचारलं तर कळेल ना, की मला येत नाही!

"काकू, विचारलं तर त्यांना कळेल ना, की मला येत नाही!"

आमच्या इंदूरला सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्यांचे कॅम्पस आले, क्रिस्टल आयटी पार्क उभा राहिला, तशी नोकरीला नुकतीच लागलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येऊ लागली. प्रत्येकाचं घर वेगळं, कंपनी वेगळी, पण हे वाक्य जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी असतं. म्हणून त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

रामबागेतला तेवीस वर्षांचा मुलगा, नोकरीला आठ महिने झालेले. आई घेऊन आली होती. तो बाहेर बसला असताना ती म्हणाली, "ताई, रात्ररात्र लॅपटॉपसमोर बसतो. काढून तर टाकणार नाहीत ना याला?" तिच्या सासऱ्यांची मिलमधली नोकरी गेली होती. इंदूरच्या कापडमिल्स बंद पडल्या तो काळ इथल्या घराघरांत अजून शिल्लक आहे. एका मिलच्या कामगारांना तर थकलेले पैसे हातात पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला. नोकरी जाते म्हणजे काय होतं, हे या मुलाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जेवता जेवता कानावर पडत आलं होतं.

"काल कितीपर्यंत जागलास?"

"अडीच."

"काय अडलं होतं?"

"सेटिंगची एक ओळ. सकाळी शेजारच्या मुलीनं दोन मिनिटांत सांगितली."

"मग तिला संध्याकाळीच का नाही विचारलंस?"

तो बराच वेळ गप्प होता. "आठ महिन्यांनंतर असलं विचारतात का, काकू?"

त्याला आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली: कुठे अडलो, किती वेळ गेला, कुणाला विचारलं. तो अकरा वेळा अडला होता आणि दोनदाच विचारलं होतं. वहीकडे बघून तो स्वतःच म्हणाला, की काम करण्यात कमी आणि न येणं लपवण्यात जास्त वेळ गेलाय.

पुढच्या भेटीत तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. त्याचा कोड तपासताना सीनियर सरांनी शेजारी एवढंच लिहिलं होतं : "ये क्यों किया?" यानं उत्तर न देता तो सगळा भाग काढून टाकला आणि दोन रात्री जागून नव्यानं लिहिला.

मला त्यांच्या कामातलं काही कळत नाही, आणि त्याचा मला अनेकदा उपयोगच झाला आहे. मी विचारलं, "कोणती ओळ कुणी लिहिली, हे त्यांना कळतं कसं?"

त्याचा चेहरा जरा उजळला. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे सॉफ्टवेअर लिनस टॉर्वाल्ड्सनं २००५मध्ये कसं बनवलं, त्यात प्रत्येक बदल कसा नोंदला जातो, हे सगळं त्यानं मला कागदावर काढून दाखवलं. "आणि 'ब्लेम' म्हणून एक कमांड आहे. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव येतं."

"नावच 'ब्लेम'? दोष?"

"हो. पण सबव्हर्जन म्हणून जुनं टूल आहे ना, त्यात हीच कमांड 'प्रेझ' म्हणूनही चालते."

"प्रेझ म्हणजे कौतुक. मग त्यात काय वेगळं दिसतं?"

"काही नाही. तेच. ओळ आणि नाव..."

तो बोलता बोलता थांबला. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. तरुणपणी मी लगेच अर्थ सांगून मोकळी झाले असते. त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत बसले.

"म्हणजे दोष त्यात नाहीच, काकू. तो मी घालतोय."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विचारसरणी मी मानते. कृतीचं मूल्यमापन जरूर करा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, हा तिचा गाभा. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. त्यानं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा अडीचपर्यंत जागला असता. ते त्याला त्याच्याच हत्यारात सापडलं, म्हणून टिकलं. याचं मला आजही समाधान आहे.

तुमच्याकडे वही नसेल, तर आजपासून ठेवा. अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा, तो वेळ वाया जात नाही. मग विचारा, पण "चालत नाहीये" एवढंच म्हणू नका. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, काय झालं, हे लिहा आणि एररचा मजकूर पूर्ण जोडा. असा प्रश्न लिहिता लिहिता कितीदा उत्तर सापडतं, असं ही मुलंच मला येऊन सांगतात. सगळं एकदम तपासायला देऊ नका, लहान तुकडे द्या. एआयकडून कोड घेत असाल तर घ्या, पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती पुढे पाठवू नका. उद्या कुणी "क्यों" विचारलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

मात्र वरिष्ठ चारचौघांत अपमान करत असतील, तर तो तुमच्या मनाचा खेळ समजू नका. तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि वरपर्यंत कळवा. दोन-दोन आठवडे झोप नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मदत क्रमांकही आहे.

शेवटून दुसऱ्या भेटीला तो आला तो बसायच्या आधीच बोलू लागला. त्यानं सरांच्या जुन्या नोंदी चाळल्या होत्या. त्यांत सात 'रिव्हर्ट', म्हणजे केलेला बदल मागे घेतल्याच्या नोंदी, निघाले. "काकू, रिव्हर्ट केलं तरी आधीची नोंद पुसली जात नाही. उलटा बदल नवी नोंद म्हणून पुढे बसतो. सरांची सातही चुकलेली पावलं तिथेच आहेत, सगळ्यांना दिसतात."

मग तो त्यांच्या टेबलापाशी गेला होता. "सर, आपने लिखा था, ये क्यों किया..."

सरांना आधी आठवेचना. मग स्क्रीन बघून म्हणाले, "अच्छा, ये! मैं तो सच में पूछ रहा था. तूने हटा क्यों दिया?"

या वेळी त्यानं उत्तर दिलं. बोलणं चाळीस मिनिटं चाललं, आणि काढलेल्यातला अर्धा भाग त्याच संध्याकाळी परत आत गेला.