चिठ्ठी नाण्याबरोबरच जाऊ दे

न्यू जर्सी, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘काका, सगळे सेंट विकायला काढतेय. कुणाला देऊ?’ आणि सोबत तुझ्या जुन्या अमेरिकन सेंटांची, म्हणजे तांब्याच्या नाण्यांची, ती एक्सेलची यादी. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतेस आणि शेवटी आपल्याच मनातलं करतेस, म्हणून लिहायला बसलोय. काकू म्हणते, एवढं लिहिण्यापेक्षा गाडी काढून पिट्सबर्गला जा. तिला माझा गुडघा दिसत नाही.

तू विकते आहेस याचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. सोळा वर्षं जमवलेलं तांबं घराच्या डाउन पेमेंटमध्ये जाणार असेल तर जाऊ दे. मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, तुझ्या हातावर मी १८५१ चा मोठा सेंट ठेवला होता तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. ‘हा पंचवीस सेंटांच्या क्वार्टरपेक्षा मोठा कसा?’ हे तू विचारलंस, ‘याचे किती येतील?’ हे नाही. तेव्हाच मला वाटलं, ही टिकेल. टिकलीस. आता दुसरा प्रश्न विचारायची वेळ आली, एवढंच.

पण ‘कुणाला देऊ’ हा प्रश्न नंतरचा. ‘माझ्याकडे नक्की काय आहे’ हा आधीचा, आणि तो तू विचारलाच नाहीस. तुझ्या यादीत लिहिलंय: ‘१७९४, दोन नग. १७९८, चार नग.’ पोरी, ही वाण्याची यादी झाली.

अशीच यादी मी २००१ साली केली होती. नोकरी गेली होती, घराचा हप्ता थांबत नव्हता. चाळीस जुने सेंट डब्यात घालून एका प्रदर्शनात गेलो आणि एका डीलरच्या टेबलावर डबा ठेवला. त्याने सालाप्रमाणे भाव लावला, रोख मोजून दिले. आठ-नऊ महिन्यांनी एका लिलावाचा कॅटलॉग हाती आला. त्यात माझा १७९८ चा सेंट. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, हनुवटीखाली तिरकी खोच होती, मी तो अंधारातही ओळखला असता. खाली ठशाचा, म्हणजे ज्या साच्याने नाणं पाडलं त्याचा, नंबर छापलेला, दुर्मीळ ठसा, आणि मला मिळाले त्याच्या कितीतरी पट अंदाज. त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. मी ‘१७९८’ विकला, त्याने ‘१७९८’ घेतला, मग घरी जाऊन भिंग लावलं. आणि खरं सांगायचं तर तो सेंट मी स्वतः एका म्हाताऱ्या बाईंच्या टेबलावरून पंधरा डॉलरला उचलला होता, तोंडातून अवाक्षर न काढता. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

हे का होतं ते नीट समजून घे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ मध्ये सेंट पाडायला सुरुवात केली तेव्हा ठसे हाताने तयार होत. अक्षरं, आकडे, पानं, सगळं सुट्या पंचांनी ठोकून बसवायचं. त्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा: एकात ९ जरा खाली घसरलेला, दुसऱ्यात पानाचं टोक अक्षराला टेकलेलं. ठसा निकामी झाला की नवा. एकट्या १७९४ सालाचे पन्नासावर प्रकार मोजलेले आहेत. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूला, कडेच्या दात्यांमध्ये, चौऱ्याण्णव चिमुकले तारे आहेत. का, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. कुणा कारागिराने सराव केला असेल, नाहीतर दुपारी डोकं फिरलं असेल. झिजलेल्या नाण्यावर ते तारे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. तुझ्याकडे दोन १७९४ आहेत. दोन्हीच्या मागच्या बाजूची कड तू कधी दहापट भिंगाखाली फिरवून बघितलीस? तारे सापडतील असं म्हणत नाही. बघितलीस का, एवढंच विचारतोय.

आणि नाण्याची धारसुद्धा बघ. सुरुवातीच्या बहुतेक सेंटांच्या धारेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ असं कोरलेलं असे. १७९५ मध्ये तांब्याचं वजन २०८ ग्रेनवरून १६८ वर आणलं, पत्रा पातळ झाला, अक्षरांना जागा उरली नाही, धार साधी झाली. त्याच सालचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सेंट मात्र दातेरी धारेचे निघाले. त्यातला एक २००९ मध्ये डॅन होम्स यांच्या संग्रहाच्या लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला गेला, आणि तो चांगलाच झिजलेला होता. नुसता चेहरा पाहणाऱ्याने तो किरकोळीत सोडला असता.

१८१४ पर्यंतच्या सेंटांचे ठसे आपण ज्या नंबरांनी ओळखतो ते विल्यम शेल्डन या संग्राहकाचे. नाण्याला १ ते ७० गुण द्यायची पद्धतही त्यांचीच, १९४९ ची, आणि ती मुळात या मोठ्या सेंटांसाठीच होती. जेमतेम ओळखू येणारा सेंट म्हणजे १, निर्दोष म्हणजे ७०, कारण दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या सत्तर पट असावी असा त्यांचा हिशेब. तो हिशेब बाजाराने केव्हाच मोडला, आकडे तेवढे राहिले, आणि आज जगभरच्या नाण्यांना तेच लावतात. याच गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीतले उत्तम सेंट उचलून त्या जागी आपले हलके ठेवले होते. हे उघडकीला आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, आणि मग कोर्टकचेऱ्या झाल्या. लबाडी सिद्ध झाली ती संग्रहाच्या जुन्या नोंदींशी नाणी ताडून बघितल्यावर. म्हणून म्हणतो, नोंद ठेव. नाणं कुठून आलं हे सांगता येणं ही हौस नाही, तो सातबारा आहे.

तुझ्या डब्यातल्या त्या छोट्या खाकी पाकिटांकडे मी आता येतो. तू लिहिलंस की सगळं नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ‘नीटनेटकं’ करणार आहेस. थांब. जुनं एकही पाकीट टाकू नकोस. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ठशाचा नंबर, कुणाकडून, कुठल्या साली, कितीला. कधी एकाच पाकिटात आधीच्या तीन मालकांच्या चिठ्ठ्या निघतात, तीन हस्ताक्षरं. माझ्याकडच्या एका १८०३ च्या पाकिटात निळ्या शाईत फक्त ‘बरा’ अशा अर्थाचा एक शब्द होता आणि खाली तारीख. लिलावात तो सेंट घेणाऱ्याने नंतर मला पत्र लिहून विचारलं, हे अक्षर कुणाचं? या लोकांना नाण्याइतकीच चिठ्ठी हवी असते. आणि स्वस्त मऊ प्लॅस्टिकमधून जे सुटतं त्याने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, तो वेगळाच.

‘काही काळपट दिसतात, उजळू का?’ असंही विचारलंयस. मी कसबा पेठेतला. तांबट आळी आमच्या मागेच. हातोड्यांच्या आवाजात मी पाढे पाठ केले. तांबं म्हटलं की चिंच-मीठ, हे आमच्या रक्तात. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी १८०२ चा एक छान चॉकलेटी सेंट चिंचेच्या कोळाने घासला. असा निघाला, जसा नव्या नळाचा तुकडा! दोन दिवस मला फार आनंद झाला होता. मग क्लबात दाखवला. एका म्हाताऱ्या सभासदाने तो हातात घेतला, खिडकीशी नेला, परत आणून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा हात मिटला. बोलला काही नाही. तांब्यावरचा दोनशे वर्षांचा रंग एकदा गेला की तो येत नाही, आणला तर तो खोटा असतो, आणि जाणकाराला दुरून कळतो. तेव्हा मऊ केसांचा ब्रश, तोही हलक्या हाताने. बाकी काही नाही. जंगाल, म्हणजे तांब्यावरचा हिरवा गंज, दिसला तर खरवडू नकोस, मला फोटो पाठव.

यादीत एके ठिकाणी लाल रंगात ‘१८१५ — नाही, संच अपूर्ण’ असं लिहिलंयस. ते खोड. १८१५ सालाचा सेंट कुणाकडेच नाही, पाडलाच नाही. इंग्लंडशी १८१२ ला लढाई जुंपली आणि तांब्याच्या कोऱ्या चकत्या यायच्या त्याच इंग्लंडातून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातून. त्या यायच्याच थांबल्या. तराजू छापाचे मुंबई इलाख्याचे १७९१ चे पैसे पाडले तेही त्याच बोल्टनने. मला हे कळलं तेव्हा उगाचच बरं वाटलं होतं. तर १८१५ खोड, नाहीतर घेणारा हसेल आणि मग भावही हसत हसत सांगेल.

लिंकनचा चेहरा असलेल्या लहान, नव्या सेंटांचा अल्बम वेगळा विचार मागतो. त्यात दोनच जागा दुखऱ्या. १९०९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा ‘व्हीडीबी’ (मागच्या बाजूला शिल्पकार ब्रेनरची ही आद्याक्षरं असतात), जो ४ लाख ८४ हजारच पाडला गेला, आणि १९१४ चा डेन्व्हरचा. दोन्हींचे बनावट रग्गड. पहिल्यात साध्या ‘व्हीडीबी’ सेंटावर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण असलेला ‘एस’ चिकटवतात. अस्सल ‘एस’ चारच ठिकाणी बसलेला असू शकतो, त्यांचे फोटो सहज मिळतात, ताडून बघ. दुसऱ्यात १९४४ च्या पहिल्या चाराचा तासून एक करतात. मग ९ आणि १ यांच्यात नको एवढी फट राहते. शिवाय १९१४ मध्ये खांद्याखाली ब्रेनरची आद्याक्षरं नव्हतीच, ती १९१८ पासून परत आली. तुझा १९१४ तू तेराव्या वर्षी ऑनलाइन घेतलास, मला न विचारता. मला तेव्हापासून धाकधूक आहे. हे दोन ग्रेडिंगला, म्हणजे खरेपणा तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवून स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत, घाल. मोठे सेंट सरसकट स्लॅबमध्ये घालायची घाई मात्र नको. मोठ्या सेंटांचे जुने जाणकार ते हातात घेऊन, धार फिरवून बघतात आणि स्लॅबवरच्या आकड्यापेक्षा कडक गुण देतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनातला शेवटचा सेंट पाडला गेल्यापासून मला रोज कुणीतरी विचारतंय, भाव वाढला का? शेवटच्या नाण्यांची धावपळ त्यांच्यापुरती. तुझ्या १७९८ ला त्याची खबरही नाही. त्या भरवशावर थांबू नकोस आणि त्या घाईत विकूही नकोस.

आता कुणाला. साध्या पंचवीस-तीस सेंटांची मोट बांधून एखाद्या डीलरला दे, त्यात जीव घालवू नकोस. ओळख पटलेले, चिठ्ठ्यांसकट असलेले चांगले दहा-बारा लिलावाला. आणि तिथे हिशेब असा: हातोडा हजारावर पडला तर घेणारा त्यावर वीसेक टक्के घालून बाराशे मोजतो. तुझ्याकडून दहा टक्के कापले तर तुझ्या हाती नऊशे. म्हणजे बाराशेतले नऊशे. ही दहा टक्के दगडावरची रेघ नसते. नाणं चांगलं असेल तर ती सुटते, कधी वरच्या वीसातलाही तुकडा मिळतो. तू मात्र विचारायला लाजतेस. लाजू नकोस. तांब्याच्या सेंटांवर लिहिणारा माणूस त्या लिलाव घरात आहे का, हेही विचार. नसेल तर तुझा दुर्मीळ ठसा ‘१७९८, मध्यम’ म्हणून छापून येईल आणि मग माझीच गोष्ट परत.

पावत्या सगळ्या काढून ठेव. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या संग्रहाच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर बसतो आणि काय भावाने घेतलं हे दाखवता आलं नाही तर आलेली सगळी रक्कम नफाच धरली जाण्याची भीती. पार्सल रजिस्टर्ड मेलने, कागदी चिकटपट्टी लावून. चकचकीत पट्टी पोस्टवाले घेत नाहीत, त्यावर शिक्का बसत नाही. बाहेर ‘कॉइन’ हा शब्द कुठेही नको, लिलाव घराच्या नावात असेल तर आद्याक्षरंच लिही.

म्हणून या दोन महिन्यांत विकायचं काहीच नाही. रोज रात्री दोन सेंट, भिंग, टेबलाचा दिवा, आणि ठशाचा नंबर शोधायचा. एकसष्ट सेंट आहेत, महिना पुरतो. अडलं तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.

आणि हो, यादीत बावन्नाव्या ओळीत ‘१८५१, एक नग’ आहे. तो मी दिलेलाच का? असेल तर खोडू नकोस. बाजारात त्याचे पस्तीस डॉलर येतात. मी चाळीस देईन. आधीच्या पाकिटासकट पाठव, त्यावर तू अकरा वर्षांची असताना जांभळ्या स्केचपेनने काहीतरी लिहिलं होतंस, ते मला आता आठवत नाहीये.

तुझा,
काका