बँकॉकमध्ये एकच दिवस मोकळा आहे. निवांत काय बघावं, खरेदी कुठे करावी?

शनिवार-रविवार असेल तर सोपं आहे. ऊन चढायच्या आत वाट फो हे देऊळ गाठा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सगळेच बघतात, तुम्ही त्याच्या तळपायांपाशी रेंगाळा. शिंपल्याच्या जडावात 108 मंगलचिन्हं आहेत. मागे ओळीने 108 वाडगे; लोक एकेक नाणं टाकत जातात, ती टणटण छान वाटते. मग ता तिएन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. बस्स, देवळं पुरे!

दुपार कलली की होडीने परत या आणि सनम चाई स्टेशनहून मेट्रोने थेट कांफेंग फेत, बाहेर पडलात की शनिवार-रविवारी भरणारा चतुचक बाजार. आधी करवंटीतलं नारळाचं आइस्क्रीम खा. घासाघीस हसतहसत करा. आवडलं ते तिथेच घ्या, नंतर तो गाळा सापडत नाही. माझी एक निळी पिशवी अशीच राहिली!