मर्यादा घातलेली नाही, की घालताच येत नाही?

प्रश्न : नोकरीच्या अर्जात मी ‘आय हॅव अनलिमिटेड पेशन्स’ असे वाक्य लिहिले होते. अर्ज तपासून देणाऱ्या ताईंनी ‘अनलिमिटेड’ खोडून तेथे ‘इन्फिनिट’ लिहिले. शब्दकोशात मात्र हे दोन्ही शब्द, आणि त्यांच्याबरोबर ‘लिमिटलेस’, ‘बाउंडलेस’ व ‘एंडलेस’ हेही, समानार्थी म्हणूनच दिलेले आहेत. मग माझे चुकले कुठे?

उत्तर : व्याकरणाच्या दृष्टीने तुमचे काहीही चुकलेले नाही आणि तुमचे वाक्य वाचून कोणाचा अर्थाबाबत गैरसमजही होणार नाही. तरीही ताईंची दुरुस्ती योग्य आहे. शब्दकोश समानार्थी शब्द एका ओळीत बसवतो तेव्हा त्यांचा सामाईक अर्थ तेवढा सांगतो. त्यांतल्या प्रत्येकाची ऊठबस कोणत्या नामांबरोबर असते, हे त्या ओळीत दिसत नाही.

‘अनलिमिटेड’ची घडण पाहिली की पुष्कळसा उलगडा होतो. ‘लिमिट’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ दोन शेतांमधला बांध असा होता. ‘लिमिटेड’ म्हणजे ज्याला बांध घातलेला आहे असे, आणि ‘अनलिमिटेड’ म्हणजे ज्याला तो घातलेला नाही असे. म्हणजेच बांध घालणारा कोणीतरी आहे, त्याला तो घालता आला असता, पण त्याने घातला नाही, हे या विशेषणात गृहीतच असते. त्यामुळे परवानगी, पुरवठा, सवलत, अधिकार आणि जबाबदारी या प्रकारच्या नामांपाशी ते सहज बसते : अनलिमिटेड डेटा, अनलिमिटेड एन्ट्री, अनलिमिटेड पॉवर्स. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’च्या डोक्यावर बारीक तारा काढून खाली अटी छापता येतात, त्याही याच कारणाने, ज्याने मर्यादा काढली तो ती मागल्या दाराने परत आणू शकतो. ‘इन्फिनिट’ला असा तारा जोडलेला कोणी पाहिला असेल असे वाटत नाही.

व्यापारी कायद्यातील ‘अनलिमिटेड लायबिलिटी’ हे या बाबतीत बोलके उदाहरण आहे. धंदा बुडाला तर देणेकरी धंद्यात गुंतवलेल्या रकमेपुरताच नव्हे, तर स्वतःच्या खासगी मालमत्तेतूनही देणे फेडायला बांधील असतो, असा त्याचा अर्थ आहे. तेथे ‘इन्फिनिट लायबिलिटी’ लिहिले तर देणे स्वतःच कधी न संपणारे ठरेल, आणि इतके क्रूर कर्ज अजून तरी कोणी कोणाला दिलेले नाही.

‘इन्फिनिट’मध्ये ‘फिनिस’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ शेवट किंवा सीमा. येथे मर्यादा घालणारा कोणी नसतोच. शेवट नसणे हा त्या वस्तूचा स्वभावच असतो. म्हणूनच गणिताने हा शब्द आपलासा केला. त्यासाठी आपण वापरतो ते आडव्या आठासारखे चिन्ह जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५५ मध्ये छापील ग्रंथात आणले. मात्र गणितात एक गंमत आहे, जी भाषेच्या अभ्यासकानेही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शून्य आणि एक यांच्या दरम्यानचे अपूर्णांक कितीही मोजले तरी संपत नाहीत, म्हणजे ते ‘इन्फिनिट’ आहेत. पण त्यांतला एकही एकाच्या पलीकडे जात नाही, म्हणजे ते ‘अनबाउंडेड’ नाहीत. उलट वर्तुळाच्या परिघाची लांबी ठरावीक असते, पण त्यावरून चालत राहणाऱ्या मुंगीला शेवट कधीच सापडत नाही. संख्या न संपणे, सीमा नसणे आणि टोक न सापडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शब्दकोशाने एका ओळीत बसवलेले शब्द त्या आपसांत वाटून घेतात.

आता तुमच्या वाक्याकडे येऊ. धीर ही कोणी मंजूर करून दिलेली सवलत नव्हे, म्हणून ‘अनलिमिटेड पेशन्स’ म्हटले की धीराचे एखादे मासिक पॅकेज घेतल्यासारखे ऐकू येते. ‘इन्फिनिट पेशन्स’ ही उघड अतिशयोक्ती आहे, पण रुळलेली आहे. उरलेल्या शब्दांपैकी ‘बाउंडलेस’ उत्साह, औदार्य, प्रेम अशा ओसंडून वाहणाऱ्या गोष्टींसाठी शोभतो, ‘लिमिटलेस’ शक्यता आणि कल्पनाशक्ती यांच्यासाठी, तर ‘एंडलेस’मध्ये बहुतेक वेळा कंटाळा किंवा तक्रार दडलेली असते : एंडलेस मीटिंग्ज, एंडलेस क्वेश्चन्स. मराठीतही आपण हेच करतो. भक्ती निस्सीम असते आणि वृक्षतोड बेसुमार. ‘बेसुमार भक्ती’ म्हटले तर भक्ताला राग येईल. ‘अमर्याद’ने तर आणखी एक पाऊल टाकले आहे, कारण अमर्याद वागणाऱ्या माणसाला मर्यादा नसते ती सभ्यतेची.

प्रश्न : ‘फायनाइट’ असा उच्चार आहे, तर ‘इन्फायनाइट’ का नाही?

उत्तर : कारण आघात जागा बदलतो. ‘फायनाइट’मध्ये तो ‘फाय’वर असतो; ‘इन्फिनिट’मध्ये तो ‘इन’वर सरकतो आणि आघात गमावलेले पुढचे दोन्ही स्वर आखडतात. शाळेत शिकवलेले ‘इन्फिनिटिव्ह’ याच कुळातले आहे : पुरुष आणि वचन यांनी ज्याला सीमित केलेले नाही असे क्रियापदाचे रूप. ‘इन्फिनिटेसिमल’पासून मात्र सावध राहावे. शब्द लांबलचक असल्यामुळे तो अवाढव्य या अर्थाने वापरला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ अत्यंत सूक्ष्म असा आहे.

प्रश्न : ‘मोअर अनलिमिटेड’ असे लिहिता येते का?

उत्तर : जाहिरातीत काहीही लिहिता येते. एरवी ज्याला मर्यादाच नाही त्याला तर-तम भाव लागत नाही, म्हणून हे रूप टाळावे. ‘ऑलमोस्ट अनलिमिटेड’ मात्र चालते, कारण मर्यादा आहे पण ती व्यवहारात आड येत नाही, असे त्यातून प्रामाणिकपणे सांगितले जाते.