'आता घ्या'चं बटण कुठल्या रंगाचं?

प्रश्न : आमचं कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत दुकान आहे. साइट करून देणाऱ्या पोरानं 'आता घ्या'चं बटण केशरी ठेवलंय. म्हणतो, ॲमेझॉनचंही तसंच आहे. लोक बघतात आणि जातात. लाल करून बघू का?

आधी फोन हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून स्वतःचं पान बघा. कोल्हापुरी चपलेचं कातडं मुळातच बदामी-तपकिरी, तेल मुरलं की आणखी गडद. अशा वीस जोडांच्या फोटोंखाली केशरी बटण म्हणजे एकविसावी चप्पलच! ॲमेझॉनचं पान पांढरं आहे, म्हणून तिथं पिवळा-केशरी उठून दिसतो. तुमच्याकडे तो कातड्यात मुरतो, आणि लाल केलात तरी घराणं तेच.

लाल बटणाची महती एका जुन्या चाचणीमुळे पसरली आहे. २०११ साली परफॉर्मेबल या कंपनीच्या पानावर हिरव्यापेक्षा लाल बटणावर २१ टक्के जास्त क्लिक आले. तो आकडा सगळे सांगतात, पण त्या पानावर आधीच हिरव्याचा भरणा होता, हे सांगायचं राहून जातं. लाल तिथं एकटा होता, म्हणून दिसला.

तुम्ही मोरपंखी किंवा गडद निळा घ्या, वर पांढरी अक्षरं. मग तो रंग पानावर दुसरीकडे कुठंही वापरायचा नाही. मथळ्याला नाही, सवलतीच्या पट्टीलाही नाही.

आणि एक विचारतो, रागावू नका. मापाचा तक्ता टाकलाय का? पायाची लांबी कशी मोजायची, अंगठा घट्ट बसला तर बदलून मिळेल का, हे कळल्याशिवाय पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक बटणापर्यंत येतच नाही. बिचारा रंग उगाच बदनाम होतो.

प्रश्न : मी घरून कांदा-लसूण मसाला विकते. बटण हळदीसारखं पिवळं आणि अक्षरं पांढरी केली आहेत. मला आवडलंय, पण सासूबाई म्हणतात, काही वाचता येत नाही.

सासूबाईंचं ऐका. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं, असं ते सांगतात. शुद्ध पिवळ्यावर पांढरं लिहिलं तर ते १.०७ ला १ भरतं, म्हणजे जवळपास काहीच नाही. त्याच पिवळ्यावर काळं लिहा, १९च्या वर जाईल. हळद सोडायची गरज नाही, अक्षरं बदला. मग भर दुपारी अंगणात उभं राहून फोनवर वाचून बघा.

प्रश्न : कोल्हापूरच्या गुजरीत आमची सराफी पेढी आहे. कोल्हापुरी साजाच्या पानावर 'खरेदी करा', 'व्हॉट्सॲपवर विचारा' आणि 'यादीत ठेवा' अशी तीन हिरवी बटणं आहेत. ठीक ना?

नाही. एकच भरीव ठेवा, बाकीच्या दोघांना नुसती चौकट द्या. भरीव कोणतं? माझ्या मते व्हॉट्सॲपचं. वजन, घडणावळ, पानांची नक्षी विचारल्याशिवाय कोण साज घेणार? फक्त व्हॉट्सॲपचा तो पोपटी हिरवा जसाच्या तसा उचलू नका. त्यावर पांढऱ्या अक्षरांचं गुणोत्तर २च्या आसपासच येतं. गडद हिरवा घ्या.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगला आहे, काकांची साइट सांभाळतो. रोज २०० लोक येतात. दोन आठवडे निम्म्यांना हिरवं, निम्म्यांना लाल बटण दाखवलं. हिरव्यावर २६ ऑर्डरी आल्या, लालवर ३२. लाल जिंकलं ना?

भावा, नाणं ५८ वेळा उडव. ३२-२६ किंवा त्याहून मोठी तफावत साधारण निम्म्या वेळा नुसत्या योगायोगानं येते. तुझ्याकडे शंभरात दोन जण ऑर्डर देतात. त्यात दहा टक्क्यांची वाढ, म्हणजे २चे २.२, खात्रीनं पकडायची तर प्रत्येक रंगाला ७८ हजारांच्या आसपास माणसं लागतात. रोज २०० धरलेस तर दोन वर्षांहून जास्त! तोवर तुझी डिग्री होईल आणि काका साइट बंद करतील.

छोट्या दुकानानं रंगाची चाचणी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा पाच ओळखीच्यांना फोन दे, 'एक ऑर्डर टाक' म्हण आणि तोंड बंद ठेवून बघत बस. बोट कुठं अडखळतं ते अर्ध्या तासात कळेल. बहुतेक वेळा बटण बारीक असतं. ॲपल ४४ पॉइंट उंची सांगतं, गुगल ४८ डीपी (दोन्ही फोनच्या पडद्यावरची मापं).

प्रश्न : 'गिफ्ट पॅकिंग हवं'चं बटण ठळक आणि 'नको'चं फिकट राखाडी केलं तर चालेल का? पॅकिंगचे चाळीस रुपये सुटतात.

'हवं' ठळक ठेवायला हरकत नाही, पण 'नको' सहज वाचता आलं पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. गिऱ्हाइकाला हवा तो पर्याय दिसू नये अशी मांडणी त्यात येते, आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणंही. पॅकिंगची खूण आधीपासून लावून ठेवली असेल, तर ती आजच काढा.