मी गे आहे, कायम घरूनच काम करतो. एकटेपणा खायला उठतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय 29, आयटीत, कंपनीने पुण्यातलं ऑफिसच आवरलं, वाकडला भाड्याचा फ्लॅट, घरच्यांना काही माहीत नाही. आणि रात्री भांडी घासताना लक्षात येतं की सकाळच्या कॉलनंतर तोंडातून शब्द निघालेला नाही.

मी चाळिशी ओलांडलेला, गे, पुण्यातच राहतो आणि कोविडपासून घरूनच काम करतो. सुरुवातीला मला ही सुटकाच वाटली होती. तुम्हालाही वाटली असेल. सोमवारी 'वीकेंडला काय केलं?' नाही, डबा खाताना 'यंदा लाडू देणार ना?' नाही, कुणाच्या तसल्या विनोदावर हसल्यासारखं करणं नाही. आपल्यासारख्यांना घरून काम आवडतं ते यामुळे, आणि म्हणूनच ते अंगाशी येतं. लपून जगायची सवय असली की दार लावून घेणं फारच सोपं जातं. किराणा ॲपवरून, जेवण ॲपवरून, आणि वॉचमनशी 'पार्सल वर पाठवा' एवढंच बोलणं.

माझ्या मते तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी कमी पडताहेत. एक म्हणजे नुसती माणसं. दुसरी म्हणजे तुमच्याबद्दल माहीत असलेली माणसं. दोन्ही भुका एकट्या बॉयफ्रेंडकडून भागवायला गेलात तर तो बिचारा महिनाभरात पळेल.

नुसत्या माणसांसाठी मला ढोल पथक उपयोगी पडलं. गणपतीच्या आधी दोनेक महिने सराव सुरू होतो, पुण्यात पथकं ढिगाने आहेत आणि नवख्यांना घेतातही. ढोलाचा पट्टा कमरेत रुततो, टिपरू धरून बोटांना फोड येतात, शेजारचा न विचारता चिकटपट्टी पुढे करतो आणि तेवढ्यात ताशा सुरू होतो. स्वतःबद्दल काही सांगायची वेळच येत नाही. 'लग्न कधी?' विचारणारे काका तिथेही आहेत, पण त्या दणदणाटात ते ऐकू येत नाहीत. नंतर चहा, वडापाव, कुणाची गाडी पंक्चर, कुणाच्या मॅनेजरची कटकट. हे फालतू बोलणंच तुमच्या दिवसातून गेलंय. ढोल नको असेल तर टिळक तलावावर पोहायला जा, रविवारी सिंहगड चढा. फक्त ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जात राहा, नाहीतर चेहरे ओळखीचे होत नाहीत. कानात इअरफोन घालून जिमला जाणं यात धरू नका.

आता दुसरी भूक. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, मुंबईत 1994 पासूनचा हमसफर ट्रस्ट, अशा आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांत चौकशी केली की गाठीभेटींचा पत्ता लागतो. पुण्यात 2011 पासून प्राइड, म्हणजे आपला मोर्चा, निघते, मुंबईत आपल्यासारख्यांच्या सिनेमांचा कशिश चित्रपट महोत्सव असतो. मोर्च्यात चालायची भीती वाटत असेल तर सिनेमाच्या अंधारात बसणं बरं पडतं.

मी पहिल्यांदा गेलो ती बैठक कुणाच्या तरी फ्लॅटवर होती. मला वाटलं, सगळे आपापली दुःखं सांगत बसतील. प्रत्यक्षात तासभर वाद चालला होता तो घरमालकाला जोडीदार कोण म्हणून सांगायचा यावर. एक जण मावसभाऊ सांगतो. दुसऱ्याने 'रूममेट' म्हणून कित्येक वर्षं काढलीत. तिसऱ्याच्या मालकाने सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांची वाहवा केली होती, 'फार सज्जन पोरं, कधी मुली आणत नाहीत.' हसून हसून पोट दुखलं. आडनाव कुणी विचारलं नाही. मी पोहे खाल्ले, हूं-हूं केलं, तरी चाललं. पुढे व्यवहाराचंही बरंच तिथेच कळलं. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याला लग्नाचा हक्क दिला नाही, पण जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढायला आडकाठी नाही, हे अर्थ खात्याने 2024 मध्ये स्पष्ट केलंय, वगैरे.

ग्राइंडर, म्हणजे गे पुरुषांचं डेटिंग ॲप, फोनमध्ये ठेवायचं तर ठेवा, मीही ठेवलंय. फक्त रात्री एकला, जीव कासावीस झालेला असताना उघडू नका. माणूस अनोळख्याला घरचा पत्ता देतो तो अशाच वेळी. भेटीत फोटो-व्हिडिओ काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. पहिली भेट दिवसाउजेडी, कॅफेत. कुणी 'घरी सांगू, पोलिसांत देऊ' म्हणालं तर एक रुपया देऊ नका. दोन सज्ञान माणसांचा संमतीचा संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा राहिलेला नाही, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर ज्याखाली तो गुन्हा ठरायचा ते 377 कलमच नाही. खंडणी मात्र गुन्हा आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वरचं सगळं नंतर. आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. एखादा डॉक्टर 'तुम्हाला नॉर्मल करतो' म्हणाला तर उठून या आणि दुसरा शोधा. असले उपचार म्हणजे गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही आणखी एक विचारलंय: आई स्थळं दाखवतेय, 'हो' म्हणू का, निदान घरात कुणीतरी असेल. नका म्हणू. तुमचा एकटेपणा आहे तिथेच राहील आणि वर एका मुलीच्या वाट्याला तिचा येईल. आईला आजच सगळं सांगा असंही मी म्हणणार नाही, ते तुमच्या सवडीने. पण 'आत्ता नको' म्हणणं बंद करा आणि 'मला लग्न करायचंच नाही' म्हणायला लागा. 'आत्ता नको' म्हटलं की तुळशीचं लग्न झाल्या झाल्या नवे बायोडेटा येतात.