मुंबईहून दोन दिवस माथेरानला जातोय, शार्लोट तलावाशिवाय काय बघावं?

तलावाला मात्र घाईत उरकू नका. सकाळी लवकर जा, शेजारच्या पिसारनाथाच्या देवळात थोडं टेका. पाणी पिण्याचं आहे, म्हणून पोहणं, कचरा टाकणं अजिबात नको. तिथून एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट पायी होतात; लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. सूर्योदयाला पॅनोरमा पॉइंट, पण अंधारातच निघावं लागतं.

कर्जत लोकलने नेरळला उतरा. १९०७ची छोटी रेल्वेगाडी (टॉय ट्रेन) पावसाळ्यात नेरळहून बंद असते, तेव्हा टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे मोटारगाड्यांना बंदी. तीच तर खरी मजा! लाल मातीत चालायला जुने बूट घाला. माकडांपासून खाऊ जपा. येताना चिक्की घ्याच.