३८१६५४७२९ या संख्येत विशेष काय आहे?

१ ते ९ हे सगळे अंक यात एकेकदाच येतात. डावीकडून पहिले दोन अंक घ्या: ३८, २ ने भाग जातो. ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, असं थेट ९ पर्यंत. ही अट पूर्ण करणारी अशी संख्या ही एकमेव!

शून्य नसल्याने पाचव्या जागी ५ च हवा. सम जागांवर सम अंक, म्हणून उरलेल्या जागांवर विषम. ९ ची काळजीच नाही, कारण सगळ्या अंकांची बेरीज ४५. खरी कसोटी ७ ची. ९८७६५४३२१ बाकी सगळ्या अटी पाळते, पण ९८७६५४३ ला ७ ने भागल्यावर बाकी उरते. आपल्या संख्येत मात्र ३८१६५४७ = ७ × ५४५२२१. मला हीच पायरी सर्वांत सुंदर वाटते. शेवटी शून्य जोडलं, तर १० ची अटही पूर्ण होते.